आधी उतरायला शिका: जून ते जून, डोंगरातलं एक वर्ष

दर जूनमध्ये कॉलेजच्या नव्या मुलांना घेऊन पहिला ट्रेक करते, तेव्हा वर जाताना मी कुणाकडे फारसं बघत नाही. वर सगळेच जातात. धापा टाकत, थांबत, सेल्फी काढत, पण जातात. मी बघते ते उतरताना. कोण मागे रेलून घसरतंय, कोण पुढच्याच्या अंगावर दगड पाडतंय, कोणाचे गुडघे थरथरतायत आणि तरी तो कोणाला सांगत नाहीये. वर्षभर काय शिकवायचं आहे ते मला त्या दोन तासांत कळतं.

हा लेख अशाच नव्या मुलामुलींसाठी आहे. गड फिरायची आवड आहे, मनात कुठेतरी हिमालयातला गिर्यारोहणाचा ‘बेसिक कोर्स’ आहे, पण सुरुवात कुठून करायची ते माहीत नाही. कॉलेजचं वर्ष जूनला सुरू होतं आणि सह्याद्रीतलंही. तेव्हा जूनपासूनच धरू.

जून: बूट आणि पहिले तीन गड

पहिल्या महिन्यात एकच गोष्ट विकत घ्या: बूट. बाकी सगळं उसनं मिळतं. बूट घेताना दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून बूट चढवा आणि पायाचा अंगठा पुढे टेकतो का ते उतारावर उभं राहून पाहा. दुकानात उतार नसेल तर पायरीवर उभं राहा. चढताना बूट कधीच टोचत नाही. उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतं तेव्हा अर्ध्या नंबराची किंमत कळते. तळ खोल खाचांचा आणि रबर मऊ हवं. गुळगुळीत तळाचे रनिंग शूज ओल्या कातळावर साबणासारखे असतात.

पहिले तीन ट्रेक सोपे आणि निरनिराळे निवडा. लोणावळ्याहून राजमाची, कारण अंतर मोठं पण वाट सरळ, आणि लांब चालण्याची सवय लागते. मग कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. तिथे लोखंडी शिड्या आहेत, उंचीची भीती किती आहे ते समजतं. तिसरा पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड. त्याच गडाच्या अवघड नळीच्या वाटेचे व्हिडिओ बघून तिकडे वळू नका, ती वाट कुठे पळून जात नाही. रविवारी हरिहर गडाच्या पायऱ्यांवरही जाऊ नका. तिथे धोका खडकापेक्षा गर्दीचा जास्त असतो.

आता उतरण्याबद्दल. घसाऱ्याच्या वाटेवर नवा माणूस घाबरून मागे रेलतो. मागे रेललं की वजन टाचेवर जातं, टाच सुटते आणि माणूस बसतो. गुडघे थोडे वाकलेले, पावलं लहान, नाक बुटाच्या टोकावर, असं उतरायचं. घाई असेल तर पावलं पटापट टाका, लांब टाकू नका. एखाद्या कातळटप्प्यावर पुढे तोंड करून उतरायची भीती वाटली तर सरळ वळा आणि कातळाकडे तोंड करून शिडी उतरतो तसं उतरा. त्यात कमीपणा काही नाही. गवताला कधी धरू नका. कारवीला धरता येतं, पण बुंध्याशी, शेंड्याला नाही. पायाखालून दगड सुटला तर गप्प राहू नका, जोरात ‘दगड!’ म्हणून ओरडा. तुमच्यामुळे सुटला म्हणून लाज वाटून गप्प बसलेली मुलं मी पाहिली आहेत. खालचा माणूस तुमच्या लाजेपायी जखमी होतो.

कोणाबरोबर जायचं

एकट्याने नाही, हे तर झालंच. पण ग्रुपबरोबर जाणं म्हणजेही सुरक्षित जाणं नव्हे. माझ्या पहिल्या वर्षी एका ग्रुपबरोबर मी धबधब्यातलं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणं, करायला गेले होते. पन्नास-साठ जण, दोन दोर, हेल्मेट मोजकी. खाली उतरलेल्याच्या डोक्यातलं हेल्मेट काढून दोरीने वर पाठवायचे आणि पुढच्याला द्यायचे. मधल्या वेळात खाली उभे असलेले सगळे उघड्या डोक्याने वर बघत. सेफ्टीचा दुसरा दोर नव्हता. ‘काही होत नाही’ हे वाक्य मी त्या दिवशी किमान दहा वेळा ऐकलं. काही झालं नाही, हे खरं. पण आज कोणी मला तसं म्हणालं की मी सॅक उचलून घरी येते.

म्हणून नाव नोंदवण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा. लीडर कोण आहे आणि त्याने कुठलं प्रशिक्षण घेतलंय? किती जणांमागे एक लीडर? प्रथमोपचाराची पेटी कोणाच्या सॅकमध्ये असते? आणि पाऊस जास्त असेल तर ट्रेक रद्द करता का? शेवटच्या प्रश्नाला ‘आमचा ट्रेक कधीच रद्द होत नाही’ असं अभिमानाने उत्तर आलं, तर तिथे जाऊ नका. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी आहे का, हेही विचारायला हरकत नाही.

आपल्याकडे या बाबतीत नशीब चांगलं आहे. गावोगावी जुने क्लब आहेत, हौसेने शिकवणारे लोक आहेत. पुण्याची गिरीप्रेमी १९८२ पासून आहे. २०१२ मध्ये त्यांचे आठ गिर्यारोहक एका मोहिमेत एव्हरेस्टवर पोहोचले आणि २०१९ मध्ये दहा जण कांचनजुंगावर. क्लबांची मिळून अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ ही संघटना आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र मंडळींनी दऱ्यांतून किती जणांना बाहेर काढलं असेल त्याची गणती नाही. अशा लोकांत ऊठबस सुरू झाली की निम्मं शिक्षण चहाच्या टपरीवर होतं. मुलुंडला गिरिमित्र संमेलन भरतं, तिथेही एकदा जाऊन या.

जुलै-ऑगस्ट: पाऊस

पावसाळ्यात सगळा महाराष्ट्र डोंगरात असतो आणि सर्वांत जास्त चुकाही तेव्हाच होतात.

जीन्स घालू नका. भिजली की दोन किलोची होते आणि गुडघा वाकत नाही. ट्रॅकपँट, लवकर वाळणारा टी-शर्ट, वर रेनकोट. छत्री गडावर शोभते, वाटेवर नाही. सॅकला बाहेरून कव्हर घातलं तरी पाठीकडून पाणी शिरतंच. त्यामुळे सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात. कोरडे कपडे, कोरडे मोजे आणि टॉर्च यांची वेगळी छोटी पिशवी. टॉर्च डोक्याला बांधायची घ्या. मोबाईलच्या उजेडात उतरणं म्हणजे एक हात घरी ठेवून येण्यासारखं.

ओढ्याचं मात्र सविस्तर सांगते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो. वर घाटमाथ्यावर पाऊस झाला की तुमच्याकडे ऊन असलं तरी लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, आवाज बदलला, की ताबडतोब पात्रातून बाहेर. ओलांडायचंच असेल तर पात्र रुंद आहे तिथे, कारण अरुंद जागी पाणी खोल आणि जोराचं असतं. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा. पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे, नाहीतर तीच तुम्हाला तोंडावर दाबून धरते. बूट काढू नका. आणि गुडघ्याच्या वर जोराचं पाणी असेल तर सरळ थांबा.

एकदा मावळात आम्ही असेच काठावर उभे होतो. अंधार व्हायला दोन तास, शेवटची एसटी चुकणार, सगळ्यांची चुळबूळ. गुरं घेऊन आलेले एक मामा शांतपणे म्हणाले, “ताई, आत्ता नका जाऊ. घंटाभर बसा, पाणी उतरंल.” बसलो. त्यांनी तंबाखू मळली, आम्ही शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. पाऊण तासात दगड दिसायला लागले. एसटी चुकली, रात्री देवळात झोपलो, घरी बोलणी खाल्ली. स्थानिक माणूस ‘नका जाऊ’ म्हणाला की त्यावर वाद घालायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

भीमाशंकरला खांडसकडून जाणार असाल तर पावसात गणेश घाट. शिडी घाट कोरड्या दिवसांसाठी ठेवा.

पावसातच करायचं एक कागदी काम

मे-जूनमधल्या बेसिक कोर्सची जागा धरायची तर अर्ज आत्ताच, गुडघ्यापर्यंत चिखलात असताना करावा लागतो. प्रमुख संस्थांच्या जागा खूप आधी भरतात. मुलं मार्चमध्ये विचारायला येतात, “ताई, मेचा कोर्स मिळेल का?” बहुतेकदा मिळत नाही.

संस्था कोणत्या? दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सर्वांत जुनी. १९५३ मध्ये तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले आणि पुढच्याच वर्षी ही संस्था निघाली. तेनझिंग नोर्गे तिथे क्षेत्रप्रशिक्षणाचे पहिले संचालक होते. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची. मनालीला अटलबिहारी वाजपेयी संस्था आहे, पहलगामला जवाहर संस्था, अरुणाचलात दिरांगला आणखी एक. कोर्स साधारण चार आठवड्यांचा. भारतीयांसाठी शुल्क परदेशी लोकांपेक्षा बरंच कमी असतं आणि त्यात राहणं, जेवण, साहित्य सगळं येतं. वयाची अट, तारखा आणि शुल्क दरवर्षी संस्थेच्या संकेतस्थळावर बघा, मित्राने मागच्या वर्षी किती भरले त्यावर जाऊ नका.

तारीख निवडताना विद्यापीठाच्या परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवा. ते पुढे ढकललं जाणार हेही गृहीत धरा. शेवटच्या पेपरनंतर किमान दहा दिवसांचं अंतर ठेवा. अर्जाला डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि पालकांची संमती लागते, म्हणजे घरी सांगावंच लागतं. माझ्या आईने फॉर्मवर सही करताना एवढंच विचारलं होतं, “जेवायला काय देतात?” बाबांनी मात्र तीन दिवस पेपर तोंडापुढे धरला. त्यांना मी क्लबच्या सरांना भेटवलं, तेव्हा काम झालं. घरच्यांना ‘काही होत नाही’ सांगू नका. काय होऊ शकतं आणि त्यासाठी काय करतात, ते सांगा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: मुक्काम आणि ओझं

पाऊस गेला की एक दिवसाचे ट्रेक बंद करा आणि मुक्कामाचे सुरू करा. राजगड-तोरणा हा त्यासाठी उत्तम. सोंडेवरून दिवसभर चाल, पाठीवर स्वतःचं जेवण-पाणी, उसनी स्लीपिंग बॅग. सॅक भरताना जड वस्तू पाठीला चिकटून आणि मधल्या उंचीवर, हलक्या खाली आणि बाहेर. पट्टे ओढताना आधी कमरेचा, मग खांद्याचे. वजन कमरेवर यायला हवं. खांदे दुखले तर पट्टा चुकलाय, कमजोरी नाही. बाहेर काही लोंबकळत ठेवू नका. लोंबकळणारा मग हा नवशिक्याचा बिल्ला असतो.

ऑक्टोबरचं ऊन लोकांना हलकं वाटतं. हिरवं गवत बघून दोन लिटर पाणी पुरेल असं वाटतं आणि दुपारी एक वाजता कोणीतरी चक्कर येऊन बसतं. तीन-चार लिटर न्या, ओआरएसची पाकिटं ठेवा, उजाडायच्या आत निघा. गडावरच्या टाक्यातलं पाणी कोणतं पिण्याचं ते गावात विचारून घ्या आणि तरीही गाळून, उकळून किंवा थेंब टाकून प्या.

याच दोन महिन्यांत प्रथमोपचाराची एक कार्यशाळा उरकून टाका. निदान साप चावल्यावर काय करायचं नाही, एवढं तरी पाठ हवं: चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कोण होतं याचा शोध घेत बसायचं नाही. माणसाला शांत ठेवायचं, चावलेला हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात शक्य तितक्या लवकर न्यायचं. १०८ आणि ११२ फोनमध्ये आधीपासून सेव्ह असू द्या. रेंज नसते तिथे शेवटची रेंज कुठे होती हे लक्षात ठेवायची सवय लावा.

डिसेंबर ते फेब्रुवारी: दोर

हा माझा आवडता मोसम. थंडीत क्लबांची प्रस्तरारोहणाची शिबिरं लागतात, दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंतची. एक तरी करा. शहरातल्या कृत्रिम भिंतीवर आठवड्यातून दोनदा गेलात तर बोटांत ताकद येते आणि टोकियो ऑलिंपिकपासून या खेळाला चांगले दिवसही आले आहेत. पण भिंतीवरचा होल्ड निखळत नाही. आपला कातळ बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. बाहेरून भक्कम दिसणारी कपार हातात येते. म्हणून धरण्याआधी तळहाताने थोपटून आवाज ऐकायचा. पोकळ वाजली तर सोडून द्यायची. ओढायची असेल तर बाहेर नाही, खाली ओढायची. चार हातापायांपैकी तीन कायम टेकलेले आणि एकच हलणारा, हे शिबिरात पहिल्या तासाला सांगतात. अंगवळणी पडायला महिना लागतो.

गाठी घरी शिका. खिडकीच्या गजाला तीन मीटर दोरी बांधून ठेवा. पहिली गाठ फिगर ऑफ एट. दोराच्या टोकापासून हातभर आत एक इंग्रजी आठचा आकडा करा, टोक हार्नेसच्या, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्याच्या, दोन्ही लूपमधून घ्या आणि त्याच आकड्याच्या वाटेवरून उलटं परत आणा. दोन्ही पदर शेजारी शेजारी, कुठेही एकमेकांवर चढलेले नकोत. शेवटी वीतभर शेपूट शिल्लक. मग चारही पदर एकेक करून ओढा. डोळे मिटून, थंडीत, हातमोजे घालून बांधता आली की ती गाठ आली. त्यानंतर क्लोव्ह हिच, बोलाइन आणि प्रुसिक. एवढ्या चारांवर पहिलं वर्ष आरामात निघतं.

चढणाऱ्यापेक्षा बिले देणारा मोठा. खाली उभा राहून दोर सांभाळणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही, पण वरच्याचा जीव त्याच्या मुठीत असतो. ब्रेकचा, म्हणजे दोर अडवून धरणारा, हात दोरावरून एक क्षणही सुटता कामा नये. नाक खाजलं तरी दुसऱ्या हाताने. बोलणं ठरलेलं असतं: चढणारा ‘ऑन बिले?’ विचारतो, खालचा ‘बिले ऑन’ म्हटल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायचा नाही. ‘स्लॅक’ म्हणजे दोर सोड, ‘टाइट’ म्हणजे ओढ. त्या वेळी खालचा गप्पा मारत असेल तर त्याच्यावर खेकसायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि मग रॅपलिंग. लोकांना ते मजेचं वाटतं. चढताना सगळा भार तुमच्या हातापायांवर असतो आणि दोर निव्वळ राखण करतो. उतरताना पहिल्या पावलापासून सगळा भार दोरावर, गाठीवर आणि अँकरवर, म्हणजे वर दोर जिथे बांधलाय त्यावर. तिथे एक चूक पुरते. माझं सांगते. तिसऱ्या शिबिरात, आता येतं म्हणून फुशारकीत, मी कड्याच्या टोकावर जाऊन स्वतःला दोरात अडकवलं आणि मागे झुकणार तेवढ्यात सरांनी नुसतं बोट दाखवलं. कॅरॅबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू उघडाच होता. ते रागावले नाहीत. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि त्या दिवशी उरलेल्या सगळ्या मुलांचे स्क्रू तपासायचं काम दिलं. वीसेक जणांचे तपासले. तेव्हापासून आजतागायत मी कड्यावर उभी राहिले की हात आपोआप जातो: हार्नेसचा बक्कल, गाठ, स्क्रू, हेल्मेटचा पट्टा, ब्रेकखालचं प्रुसिक, म्हणजे हात सुटला तर दोर आवळणारी गाठ. मग समोरच्याकडून तेच पुन्हा एकदा. केस बांधलेले, ओढणी-लॉकेट-सैल टी-शर्ट आत खोचलेला, कारण डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर सरकवत उतरायच्या साधनात, केस अडकले तर अधांतरी सोडवावे लागतात.

झुकताना भीती वाटणारच. पाय खांद्याएवढे फाकवून, तळवे कातळाला पूर्ण टेकवून खुर्चीत बसल्यासारखं मागे बसा. शरीर कड्याला काटकोनात आलं की पाय सटकत नाहीत. भिऊन कड्याला बिलगायला गेलात की सटकतात. उड्या सिनेमासाठी ठेवा, त्याने अँकरला झटके बसतात.

कड्यावरचा सर्वांत मोठा शत्रू मात्र कातळ नव्हे, आग्या मोहोळ. सह्याद्रीच्या पुढे झुकलेल्या कड्यांखाली ती काळी पोळी लटकत असतात. चढाईच्या आधी दुर्बिणीतून कडा बघा, गावात विचारा. सेंट, डिओ लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा नको. माशा उठल्या तर हात मारू नका, तोंड-मान झाकून तिथून लांब पळा. दोरावर असताना पळता येत नाही, म्हणून शंका असली तरी तो कडा सोडायचा.

मार्च-एप्रिल: परीक्षा आणि पर्वती

अभ्यास करा. त्यातून रोज एक तास काढा, आठवड्यातून चार दिवस धावा, पाच किलोमीटर तीस मिनिटांत आलं की पुरे. रविवारी पाठीवर वजन घेऊन सिंहगड किंवा जवळ असेल तो डोंगर, नाहीतर पर्वतीच्या पायऱ्या. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा: दहा लिटर म्हणजे दहा किलो. वर गेल्यावर बरेच जण पाणी ओतून गुडघे वाचवतात. युक्ती चांगली आहे, पण महिन्यातून दोनदा ते वजन घेऊन सावकाश उतरा. कोर्समध्ये सॅक पंधरा-वीस किलोची होते आणि ती खालीही आणावी लागते. बूट याच काळात पायाला पूर्ण रुळलेले असायला हवेत. कोर्सच्या आदल्या आठवड्यात नवा बूट घेणारा पहिल्या रूट मार्चला, म्हणजे लांब चालीला, ओळखू येतो.

मे-जून: कोर्स

उत्तरकाशीचं उदाहरण घेते. ऋषिकेशहून बस साधारण सहा-सात तास घेते आणि पहाडातल्या बस पहाटे सुटतात. त्यामुळे आदल्या रात्री ऋषिकेशला मुक्काम करा, आणि एक दिवस हाताशी ठेवून पोहोचा.

पहिले दिवस तळावर: वैद्यकीय तपासणी, स्टोअरमधून साहित्याचं वाटप, पहाटेची पीटी, व्याख्यानं, टेखलाच्या कातळावर चढाई. सहा-आठ जणांचा एक ‘रोप’ करतात. महिनाभर तेच तुमचं कुटुंब. कोणी फौजी, कोणी केरळची नर्स, कोणी अठराचा, कोणी पस्तीसचा. हिंदी सुधारतं आणि आपल्या मराठी मुलांचं दोर-गाठींचं काम बहुतेक सगळ्यांपेक्षा पुढे असतं हेही कळतं. स्टोअरमध्ये बर्फाचे बूट मिळतात तेव्हा रांगेत लाजू नका. दोन मोजे घालून चालून बघा, नंबर बदलून मागा.

मग बसने भुक्की गाव, तिथून पायी तेला, गुज्जर हट करत डोकरानी बामक हिमनदीजवळचा तळ. दार्जिलिंगचा कोर्स असेल तर युकसोमहून झोंग्रीमार्गे चौरीखांग. इथे उंची हा नवा विषय. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला साधारण ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवत नाहीत. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं ही सुरुवात. ती लपवू नका. ग्रेड जाईल म्हणून डोकेदुखी लपवणारा मुलगा दर बॅचमध्ये असतोच. तोल जायला लागला, बोलणं अडखळलं, बसल्या जागी धाप लागली, तर औषध एकच, खाली नेणं, आणि तेही रात्र असली तरी. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारून, मित्राला विचारून नाही.

बर्फावर पहिल्यांदा शिकवतात ते पुन्हा पडणं आणि थांबणं. सेल्फ अरेस्ट: उतारावरून मुद्दाम घसरायचं, आइस अॅक्स, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, छातीशी आडवी धरून पालथं व्हायचं आणि तिचं टोक बर्फात रुतवून सगळं वजन त्यावर टाकायचं. पायात क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे काटे) असतील तर पाय वर उचलायचे, नाहीतर काटे बर्फात अडकून माणूस उलटा फेकला जातो. दिवसभर पडून पडून कोपरं निळी होतात. पुढे पायऱ्या खोदणं, दोरात बांधून चालणं, हिमभेगेतून माणूस काढणं आणि शेवटी पंधरा हजार फुटांच्या आसपासची एक चढाई. हवामान बिघडलं तर तीही नाही. शिखर न मिळताही कोर्स पूर्ण होतो.

धोका कागदावरचा नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या शिखराच्या वाटेवर अॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि पंचवीसहून अधिक जण गेले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेली प्रशिक्षक सविता कंसवालही होती. प्रशिक्षित माणसंही जातात. मी हे पालकांना सांगते, मुलांनाही सांगते आणि त्यानंतर जो येतो त्याला शिकवते.

मुलींसाठी थोडं. महिलांचे वेगळे कोर्सही असतात, मिश्रही असतात, दोन्ही चांगले. उंचीवर आणि श्रमाने पाळीची तारीख मागेपुढे होते, त्यामुळे तारखेवर विसंबू नका, महिन्याभराचं सामान सुरुवातीपासून न्या. वापरलेलं परत खाली आणायला काळ्या जाड पिशव्या. पाळी लांबवण्याच्या गोळ्या उंचीवर जाताना स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, डॉक्टरांशी बोला. आणि लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी कमी पिऊ नका. तंबूतून रात्री दोनदा उठावं लागलं तरी चालेल.

शेवटी लेखी, प्रात्यक्षिक आणि महिनाभराच्या वागण्यावर ग्रेड. पुढच्या अॅडव्हान्स कोर्सला ‘ए’ लागते. मिळाली नाही तर जग बुडत नाही. मला ‘बी’ मिळाली होती, हिमनदीवर मी संथ होते. दोन वर्षांनी पुन्हा गेले.

परत आल्यावर

जूनच्या मध्यावर घरी याल तेव्हा इकडे पाऊस सुरू झालेला असेल. पहिल्या आठवड्यात उसन्या वस्तू परत करा. स्लीपिंग बॅग तशीच गुंडाळून देऊ नका, दोन दिवस पंख्याखाली उलटी पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पुढच्या माणसाला बुरशीचा वास मिळतो आणि तुम्हाला पुन्हा कोणी देत नाही. क्लबचा दोर मळला असेल तर साध्या पाण्याने धुवा, साबण नको, उन्हात नको, सावलीत वाळवा. वाळल्यावर पूर्ण दोर एकदा बोटांमधून फिरवून बघा. कुठे मऊ पडलाय, फुगलाय, आवरण कापलंय असं वाटलं तर त्या जागी लाल चिकटपट्टी लावा, क्लबच्या दोराच्या वहीत तारखेसह लिहा आणि सरांना दाखवल्याशिवाय तो कपाटात ठेवू नका.